चाप ओढला, पण तोफ बोलेना!

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे ज्या अवयवाला आपलें बोट शेवटचें लागलें त्यालाच दोष देण्याची मनुष्यमात्राची खोड आहे. दिवा लागला नाहीं कीं बटन वाईट. नळाला पाणी आलें नाहीं कीं तोटी वाईट. आणि नातवाच्या विमानाची तोफ सुटली नाहीं कीं चाप वाईट! पहिल्या दोहोंचा अनुभव सर्वांसच आहे. तिसरें उदाहरण मात्र कित्येक वाचकांस नवें वाटेल, आणि कौटुंबिक मासिकांत विमानाच्या तोफेचें काय प्रयोजन, असेंही कोणी विचारील. म्हणून त्याविषयीं प्रथम थोडा खुलासा करणें प्राप्त आहे.

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतील मुलें संगणकावर विमान चालविण्याचा खेळ खेळतात. त्यास सिम्युलेटर म्हणतात. विमानाचें वजन, पंखांवरील हवेचा दाब, इंजिनाची शक्ति, इंधनाचा खर्च या सर्वांचें गणित संगणक क्षणोक्षणीं करीत असतो, व त्याप्रमाणें पडद्यावरील विमान चढतें, वळतें किंवा कोसळतें. युद्धविमानांच्या सिम्युलेटरांत याशिवाय तोफा, क्षेपणास्त्रें व बॉम्ब असतात. विमान हांकण्यासाठीं टेबलावर एक उभा दांडा ठेवतात. त्याचें नांव जॉयस्टिक. दांडा पुढें लोटला कीं विमानाचें नाक खालीं, मागें ओढला कीं वर, आणि बाजूस कलविला कीं विमान त्या बाजूस कलतें. दांड्याच्या पुढच्या अंगास, बंदुकीस असतो तसा, तर्जनीखालीं एक चाप असतो. मुलें त्यास ट्रिगर म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय तोच.

हा केवळ पोरखेळ आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाची हकीकत लक्षांत घ्यावी. त्याच्या वडिलांचा बाजाचे ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनाच्या भात्यांवर एक खोटें विमान बसवून, त्यांत हवा भरून व सोडून तें डुलविण्याची युक्ति त्यानें १९२९ मध्यें सिद्ध केली. लोकांनीं तें जत्रेंतील खेळणें म्हणून पाहिलें. पुढें १९३४ मध्यें अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहण्याचें काम आलें, आणि ढगाळ हवेंत कित्येक वैमानिक प्राणांस मुकले; तेव्हां लष्करानें हींच सहा खेळणीं विकत घेतलीं. आज आमच्या नातवाच्या टेबलावर जें आहे तें त्या भात्यांचेंच वंशज होय.

आतां या दांड्याच्या तक्रारी. चाप ओढला तर तोफ सुटत नाहीं. सुटली तर मध्येंच थांबते. कधीं एकदां ओढला असतां दोनदां सुटते. कधीं चाप ओढावा तोफेसाठीं आणि खालीं उतरावीं चाकें! मुलगा दहा वेळां चाप दाबतो, चिडतो, आणि "आजोबा, नवी घेऊन द्या" म्हणून हट्ट धरून बसतो. वडील मंडळींस त्यांतलें कांहीं कळत नसल्यामुळें तीं एक तर मुकाट्यानें कांहीं हजार रुपये काढून देतात, नाहीं तर खेळच बंद करून टाकतात. दोन्ही मार्ग आम्हांस अप्रशस्त वाटतात. ज्या चापाला दोष देण्यांत येतो तो पुष्कळदां निर्दोष असतो, आणि खरा दोष कोठें आहे हें शोधून काढण्यास इंजिनिअर असावें लागत नाहीं. क्रमानें विचार करण्याची संवय असली म्हणजे पुरे.

आमच्या कळवणासारख्या गांवीं, जेथें बाजारांत कांद्याच्या गाड्यांची आणि चैत्रांत सप्तशृंगीच्या गडाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ, तेथें मुलांस लढाऊ विमानांचें वेड कोठून लागावें, असें परगांवच्यांस वाटेल. पण ओझर आमच्याच जिल्ह्यांत आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तेथील कारखाना १९६४ मध्यें मिग विमानांकरितां निघाला. विमानाचा सांगाडा ओझरास, इंजिन ओडिशांतील कोरापुट येथें, आणि आंतील विद्युद्यंत्रें हैदराबादेस, अशी कामाची वांटणी होती. या योजनेंतून मिग-२१ जातीचीं साडेसहाशें विमानें देशांत तयार झालीं. पुढें मिग-२७ आलें, २००४ पासून सुखोई-३० एमकेआय आलें, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत नाशिकास बांधलेलें तेजस मार्क-१ए हेंही आकाशांत गेलें. सुखोईचा आवाज डोंगरांत घुमूं लागला म्हणजे आमच्या आळींतील पोरें हातचा घांस टाकून अंगणांत धांवतात. मिग-२१ मात्र २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें समारंभपूर्वक वायुदलांतून निवृत्त झालें. आतां तें कोणाही मुलास पडद्यावरच हांकावयास मिळणार. डीसीएस नांवाच्या सिम्युलेटरांत त्याची फार बारकाईनें केलेली प्रतिकृति २०१४ पासून आहे, व आमच्या घरीं तिच्यावर बरीच रात्र जागली जाते.

या मिगाच्या तोफेचा इतिहास मोठा मौजेचा आहे. ओझरास आरंभीं जोडलेल्या एफएल जातीच्या मिगांत तोफ बसविलेलीच नव्हती! क्षेपणास्त्रांच्या युगांत तोफेचें काम संपलें, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा समज होता. तो एकट्या रशियाचा नव्हे. अमेरिकेच्या फँटम विमानांतही आरंभीं तोफ नव्हती. पुढें अनुभवानें डोळे उघडले. विमानाच्या पोटाखालीं २३ मिलिमीटरची दुनळी तोफ एका पेटींत घालून टांगण्यांत आली. आणि १२ डिसेंबर १९७१ रोजीं ४७ व्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनीं कच्छच्या आखातावर पाकिस्तानचें एफ-१०४ स्टारफायटर पाडलें तें तोफेनेंच. नंतरच्या जातींत ही तोफ विमानाच्या अंगांतच आली. तिच्यापाशीं गोळे २००, आणि सोडण्याचा वेग मिनिटास तीन हजारांवर. म्हणजे चाप धरून ठेवला तर सुमारें चार सेकंदांत भांडार रितें. अशा शस्त्राचा चाप अर्धा सेकंद मुका राहिला तर काय होईल, तें वाचकांनींच ताडावें.

चाप म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर बंदूक उभी राहते. बंदुकींत चाप आणि काडतूस यांच्यामध्यें चार बोटांचें अंतर. चाप ओढला कीं बार झालाच. विमानांत तसें फारसें नव्हतेंच. १९१५ मध्यें फोकरच्या विमानास, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळी झाडणारी मशीनगन बसविण्यांत आली. तींत वैमानिकानें चाप ओढला म्हणजे इंजिनाला 'आतां झाड' अशी मुभा मिळे, आणि पातें आडवें नसेल त्या क्षणीं इंजिनच गोळी झाडी. दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायरचें बटन दाबलें म्हणजे दाबून भरलेली हवा नळ्यांतून पंखांतील बंदुकांपर्यंत जाई. आणि त्या बटनाभोंवतीं एक फिरतें कडें असे, तें 'सुरक्षित' या खुणेवर असेपर्यंत बटन दाबून उपयोग नसे. सारांश, विमानाचा चाप हा धन्याचा हुकूम नसून कचेरींत दिलेला अर्ज आहे. मधल्या प्रत्येक टेबलावर त्याची सही झाली पाहिजे.

आमच्या नातवाच्या दांड्यांत हा अर्ज किती टेबलांवरून जातो तें पाहूं. बोट प्रथम प्लास्टिकच्या चापास लागतें. चापामागें स्प्रिंग. त्याच्या टांचेखालीं सुपारीच्या खांडाएवढी काळी डबी, तिला मायक्रोस्विच म्हणतात. दाबतांना जो 'टिक्' असा आवाज येतो तो तिचा. तेथून केंसासारखी बारीक तार दांड्याच्या मानेंतून बुडाकडे उतरते. बुडांत एक विद्युत्पट्टी आहे, ती या 'टिक्'चा संगणकास समजेल असा निरोप बनविते. तो निरोप यूएसबीच्या वायरींतून संगणकांत, तेथें विंडोजकडे, विंडोजकडून सिम्युलेटरकडे, आणि सिम्युलेटरकडून शेवटीं त्यांतील विमानाकडे जातो. त्या विमानासही स्वतःचीं कुलुपें असतात. इतक्या सांखळींतील एक कडी तुटली तरी मुलाला दिसतें तें एकच, कीं तोफ बोलत नाहीं. आणि तो राग काढतो तो पहिल्या कडीवर, कारण तीच त्याच्या हातांत असते.

न्यायशास्त्र पढलेल्यांस अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द परिचित आहेत. एक असतां दुसरें असणें हा अन्वय. एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. धूर आणि अग्नि यांचें उदाहरण घोकून आमच्या पिढीचीं बालपणें गेलीं, पण घरांतल्या विजेच्या दिव्याला तें लावून पाहण्याचें फारच थोड्यांच्या मनांत आलें. दिवा लागेना, तर त्याच जागीं चालू असलेला दुसरा दिवा लावून पहावा. आणि तोच दिवा दुसऱ्या जागीं लावून पहावा. दोन मिनिटांत दोष दिव्याचा कीं जागेचा तें कळतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा यांतील प्राण. मुलें एकदम पांच गोष्टी बदलतात, आणि तोफ सुटली तरी कशानें सुटली हें त्यांस सांगतां येत नाहीं. मग दोन दिवसांनीं तीच रड.

दुसरी युक्ति अशी कीं सांखळी लांब असली म्हणजे टोंकापासून आरंभ न करतां मध्यावर पहावें. आपल्या सांखळीचा मध्य विंडोजमध्यें सांपडतो. तेथें खेळाच्या दांड्यांची एक खिडकी आहे. शोधपेटींत इंग्रजी अक्षरांनीं 'जॉय', मग टिंब, मग 'सीपीएल' असें टाइप केलें म्हणजे ती उघडते. आपल्या दांड्याचें नांव निवडून 'प्रॉपर्टीज' दाबावें. पडद्यावर आंकडे घातलेले लहान लहान दिवे दिसतात. चाप ओढावा, बहुधा एक क्रमांकाचा दिवा लागतो, व सोडला कीं विझतो. सिम्युलेटर या वेळीं बंद असावा. दिवा नीट लागला, तर बोटापासून विंडोजपर्यंतचा सारा मार्ग निर्दोष. दोष पलीकडे, सिम्युलेटरांत. दिवा लागला नाहीं, अथवा लुकलुकला, तर सिम्युलेटरास हात लावण्याचें कारणच नाहीं. अर्धी सांखळी एका मिनिटांत बाद! कित्येक मुलें येथें 'कॅलिब्रेशन' नांवाचें बटन दाबून बसतात. तें दांड्याच्या हालचालीचें माप घेण्यासाठीं आहे. चाप हा साधा उघडझांप करणारा स्विच असल्यामुळें त्याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

दिवा लागतो पण तोफ सुटत नाहीं, असा प्रकार प्रथम घेऊं, कारण हा आढळांत फार येतो व एक पैही न खर्चतां सुटतो. सिम्युलेटरांत प्रत्येक बटनाचें काम ठरविणारें एक कोष्टक असतें. त्यांत तोफेसमोर आपल्या चापाचा क्रमांक आहे ना, हें पहावें. येथें एक गंमत होते. विंडोजची खिडकी एकापासून मोजते, पण कांहीं प्रोग्रॅम शून्यापासून मोजतात. तेव्हां तेथें एकाचा शून्य झालेला दिसला तर घाबरूं नये, चाप ओढून दाखवावा म्हणजे कोष्टक आपणच क्रमांक लिहून घेतें. डीसीएसमध्यें प्रत्येक विमानाचें कोष्टक निराळें असतें. मिगासाठीं केलेली नेमणूक दुसऱ्या विमानास लागू नाहीं. नवें विमान आणल्यावर 'काल चालत होतें, आज चालत नाहीं' अशी ओरड होते तिचें मूळ बहुधा येथें असतें.

त्याहून खोडसाळ प्रकार म्हणजे एका बटनावर दोन कामें किंवा एका कामावर दोन धनी. पायांचीं पॅडल्स अथवा इंजिनाची वेगळी मूठ नव्यानें जोडली कीं सिम्युलेटर तिलाही आपल्या मतीप्रमाणें कामें वांटून देतो, आणि कोणाच्या ध्यानीं मनीं नसतां तोफेच्या चापावर चाकांचें काम येऊन बसतें. म्हणून नवें उपकरण जोडल्यावर त्याचा रकाना उघडून नको असलेल्या नेमणुका पुसून टाकाव्या. यूएसबीचें छिद्र बदललें असतां कधीं कधीं संगणक त्याच दांड्यास नवा पाहुणा समजतो व जुन्या नेमणुका हरवतात. आमच्या घरीं यासाठीं छिद्रावर व वायरीवर नखाला लावण्याच्या रंगाचे सारखे ठिपके दिले आहेत. विंडोज वीज वांचविण्यासाठीं यूएसबीची छिद्रें झोंपवितो, त्यामुळें दांडा मध्येंच निपचित पडतो; ती काटकसर त्या छिद्रापुरती बंद करतां येते.

कोष्टक बिनचूक आहे, तरी तोफ मुकी? मग विमानाचीं कुलुपें. खऱ्या विमानांत शस्त्रांचा एक मुख्य स्विच असतो; तो 'चालू' केल्यावांचून कोणताही चाप कामाचा नाहीं. तोफ निवडावी लागते, ती सज्ज करावी लागते. कित्येक विमानांत चाकें खालीं असतांना अथवा विमान जमिनीवर उभें असतांना तोफ सुटूंच नये अशी व्यवस्था असते, आणि ती किती योग्य आहे हें तळावर काम करणाऱ्या माणसास विचारावें. चांगला सिम्युलेटर हीं सर्व कुलुपें जशींच्या तशीं घालतो. मुलगा धांवपट्टीवर उभा राहून चाप ओढतो व दांडा बिघडला म्हणतो, तेव्हां वस्तुतः सर्व यंत्रणा उत्तम चाललेली असते! बॉम्ब अथवा क्षेपणास्त्र सोडतांना बटन क्षणभर दाबून धरावें लागतें, टिचकी मारून चालत नाहीं, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

आतां दुसरी बाजू, म्हणजे दिवाच लागत नाहीं ती. येथें आमच्या घरांत गेल्या दिवाळींत घडलेली गोष्ट सांगणें उपयुक्त होईल. आमचा नातू अकरावींत आहे. दांडा त्यानें स्वतःच्या बक्षिसाच्या व खाऊच्या पैशांतून घेतलेला. सुटींत आमची कन्या माहेरीं आली होती, तिची मुलगी आठ वर्षांची. पोर जिज्ञासु, दादाच्या टेबलाशीं गेली, आणि वायर पायांत अडकून दांडा खालीं पडला. त्याच रात्रीं नातवाची तोफ ऐन लढाईंत बंद पडूं लागली. "हिनेंच मोडली!" असा एकच गजर झाला. पोरीनें दोन वेळां "दादा, मी मुद्दाम नाहीं पाडली" म्हटलें, तिसऱ्या वेळीं ती बोललीच नाहीं. त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरूं लागली. सूनबाईंनीं मुलाची बाजू घेतली नाहीं, पण दांडा महाग होता असें एकदां म्हणाल्या. कन्येनें तें ऐकलें, आणि भाऊबीज होतांच निघावें असा तिचा बेत ठरूं लागला. घरांतील मने एवढ्याशा गोष्टीनें दुखावतात, आणि तीं जोडण्यास मग वर्षें लागतात. आमच्या मतें चौकशी अवश्य झाली.

प्रथम मध्यावरची परीक्षा. दांडा सरळ ठेवून नातवानें पन्नास वेळां चाप ओढला. पन्नास वेळां दिवा लागला. कोष्टक ठीक, कुलुपें उघडीं. म्हणजे सांखळी दोन्ही बाजूंनीं निर्दोष, आणि तरी लढाईंत तोफ बंद! मुलगा म्हणाला, "आजोबा, हें कधीं होतें नि कधीं होत नाहीं, याला नियमच नाहीं." नियम नाहीं असें म्हणणारास बहुधा नियम सांपडलेला नसतो. आम्हीं त्यास विचारलें, लढाईंत तुझा दांडा सरळ असतो काय? तो हंसला. लढाईंत दांडा सरळ ठेवणारा फार वेळ जगत नाहीं. मग दांडा आठही दिशांस एकेक करून वळविला व प्रत्येक दिशेस चाप दाबून धरला. सात दिशांस दिवा स्थिर. मागें आणि डावीकडे एकदम ओढला कीं दिवा विझे. थोडा सैल सोडला कीं लागे. बोट तेंच, चाप तोच, 'टिक्' तीच. बदलला तो एकटा कल. तेव्हां चाप नव्हे, स्विच नव्हे, तर कलाबरोबर जें वांकतें तें, म्हणजे मानेंतील तार.

पण येवढ्यानें पोरीची सुटका होत नव्हती. नातू म्हणाला, तार पडल्यामुळेंच तुटली. शंका रास्त होती. कारण हें कार्याच्या आधीं असावें लागतें, हा तर शास्त्राचा पहिला पाठ; म्हणून प्रश्न एवढाच राहिला कीं दोष आधीं कीं पतन आधीं? सुदैवानें या सिम्युलेटरांत प्रत्येक उड्डाणाची नोंद तारीखवार राहते व पुन्हां पाहतां येते. दसऱ्याच्या सुमाराचीं तीन उड्डाणें काढलीं. त्या वेळीं पोर सातशें मैलांवर आपल्या घरीं होती. पहिल्यांत कांहीं नाहीं. दुसऱ्यांत डावीकडील तीव्र वळणांत तोफ एकदां तुटक बोलली. तिसऱ्यांत दोनदां, आणि गोळ्यांचा आंकडा शंभरावर शिल्लक दिसत होता. नातू पडद्याकडे पाहत राहिला. त्या दिवशीं आपलें बोट घसरलें असें त्यास वाटलें होतें. तो उठला, माजघरांत गेला, आणि थोड्या वेळानें बहिणीस हातास धरून घेऊन आला व आपल्या खुर्चीवर बसविलें. तिनें पांच मिनिटांत तीन विमानें जमिनीवर आपटलीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. कन्या पुढें आठवडाभर राहिली.

दांडा उघडला तेव्हां तार तशीच सांपडली. आवरणाच्या आंत तांब्याचे बारीक धागे एकाच जागीं झिजून एकेक करून तुटलेले, दोनच शाबूत. तडाख्यानें तुटलेली तार एकदम तुटते. ही लोखंडी तार वारंवार वांकविल्यानें तुटते तशी झिजून गेली होती. मल्टिमीटर नांवाचें शेदोनशें रुपयांचें मापयंत्र घेऊन, त्याचीं दोन टोंकें तारेच्या दोन टोंकांस लावून तार वांकविली कीं त्याचा आवाज थांबे. बस-स्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका कुशल तरुणानें सिलिकॉनच्या आवरणाची लवचिक तार डाख लावून बसवून दिली, आणि मानेंत थोडी ढील ठेवली. ही ढील न ठेवल्यानेंच पहिली तार ताणली जात होती. मजुरी दीडशें रुपये.

दांडा उघडणारांस चार सूचना. वायर संगणकांतून काढल्याशिवाय स्क्रू फिरवूं नये. प्रत्येक पायरीचें मोबाइलवर चित्र घ्यावें आणि स्क्रू कागदावर दांड्याची आकृति काढून त्या त्या जागीं ठेवावे. ते सारखे दिसतात, पण लांबी निराळी असते, व लांब स्क्रू उथळ भोंकांत घातला तर प्लास्टिक फुटतें. चापाची स्प्रिंग उडते, म्हणून तें काम ताटांत अथवा परातींत करावें. हमीची मुदत चालू असेल तर यांतलें कांहींच करूं नये, कारण उघडलेल्या वस्तूची हमी राहत नाहीं.

मायक्रोस्विचच दोषी असला तर लक्षणें निराळीं. दांडा कसाही धरला तरी दिवा कधीं लागतो, कधीं नाहीं. 'टिक्' मऊ झालेली असते. किंवा एकदां ओढल्यावर दिवा दोनदां लुकलुकतो. या शेवटच्या प्रकारांत आंतील पितळी पातें दाबल्यावर क्षणभर थरथरतें, आणि संगणक इतका चपळ कीं त्या थरथरीचे तो दोन ओढे मोजतो. नव्या स्विचांतही ही थरथर असतेच, पण विद्युत्पट्टी ती गाळून टाकते. पातें झिजलें म्हणजे थरथर लांबते व गाळणींतून निसटते. कळवणास फाल्गुन-चैत्रांत कांदा निघूं लागला कीं धूळ घरांत येते, आणि पावसाळ्यांत दमट हवेनें धातूवर पुट चढतें. दोहोंवर कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून फवारा मिळतो, त्याचे दोन थेंब व वीसपंचवीस वेळां 'टिक्', एवढें पुष्कळदां पुरतें. शिवणयंत्राचें अथवा खोबरेल तेल मात्र कोणीं घालूं नये. त्यांत धूळ बसून चिखल होतो. पातें कागदानें घांसण्याचाही मोह टाळावा, कारण वरचा पातळ मुलामा गेला कीं स्विच कायमचा गेला. नवा स्विच फारच स्वस्त असतो. त्यावरील क्रमांक व पायांचें अंतर पाहून तसाच मागवावा.

राहतां राहिला दुटप्पी चाप. महाग दांड्यांत चाप अर्धा ओढला कीं एक 'टिक्' व पूर्ण ओढला कीं दुसरी, असे दोन स्विच असतात. ही खऱ्या विमानांचीच नक्कल. अमेरिकेच्या ए-१० विमानांत पहिल्या टप्प्यास विमान आपोआप स्थिर होतें व दुसऱ्या टप्प्यास तोफ सुटते. ज्याच्या कोष्टकांत पहिलाच टप्पा नोंदला गेला त्याची तोफ बोट टेकतांच सुटते. ज्याच्या चापाची टांच झिजली आहे त्याचा दुसरा टप्पा कधींच लागत नाहीं. खिडकींतील दिवे पाहून हेंही लगेच कळतें: अर्ध्या ओढीला एक दिवा, पूर्ण ओढीला दोन. टांच झिजलेली असेल तर तिच्याखालीं पत्र्यासारख्या पातळ प्लास्टिकचा तुकडा चिकटवावा. आमच्या एका शेजाऱ्यांनीं जुन्या बँकेच्या कार्डाचा कपटा वापरला आहे, आणि तो गेल्या पाडव्यापासून टिकून आहे.